काम सुटल्यानंतरचे नव्वद दिवस

ठाणे जिल्ह्याचा जो पूर्वेकडील भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांत विभागलेला आहे, त्याचे अर्थजीवन आज दोन अगदी निराळ्या व्यवस्थांवर उभे आहे. पावसाळ्यात भाताची आवणी, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी, व त्यानंतर भिवंडी, कल्याण किंवा रायगडाकडील वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडासह प्रस्थान, हा कातकरी व ठाकर वस्त्यांचा परिपाठ अद्याप मोडलेला नाही. आणि त्याच वस्त्यांपासून काही कोसांच्या अंतरावर मुरबाडची औद्योगिक वसाहत व आसनगाव-वाशिंदकडील कारखाने भोंग्याच्या वेळेवर चालतात. एकाच गावातील, कित्येकदा एकाच घरातील, एक माणूस पाळीच्या कामाला जातो आणि दुसरा मुकादमाकडून उचल घेऊन भट्टीवर जातो. दोघांनाही एक भय समान आहे: उद्या काम राहील की नाही. या भयावर समाजाने शोधलेला जो उपाय, तो बेकारीचा विमा. आणि तो आपल्याकडे मुळीच नाही असा जो सार्वत्रिक समज आहे, तो पुरता खरा नाही, ही गोष्ट मुरबाडच्या कामगाराला कोणीतरी सविस्तर सांगावयास हवी.

आगीचा विमा खाजगी कंपनी आनंदाने उतरवते, कारण एका वाडीतील एक घर जळाले तरी शंभर शाबूत राहतात व त्या शंभरांच्या हप्त्यांतून एकाचे नुकसान भरून निघते. बेकारी मात्र पुरासारखी येते, व मंदीच्या लाटेत एका कारखान्याबरोबर त्याला माल पुरविणारे, त्याची वाहतूक करणारे आणि त्याच्या दारात चहा विकणारे असे सारेच एकदम बुडतात. शिवाय विमा ऐच्छिक ठेवला तर ज्यांना आपले काम जाणार याची चाहूल लागली आहे तेवढेच तो उतरवतील, आणि ज्यांची नोकरी पक्की ते दूर राहतील. यास्तव जगात जेथे जेथे हा विमा रुजला, तेथे तो कायद्याने सक्तीचा करून, मालक व कामगार या दोघांकडून वर्गणी घेऊन आणि सरकारने पाठीशी उभे राहूनच रुजला. भत्ता मजुरीइतका नसावा, तो अमर्याद काळ चालू नये, आणि गैरवर्तनामुळे काढलेल्यास किंवा स्वखुशीने काम सोडणाऱ्यास तो मिळू नये, हे निर्बंधही त्याच हिशेबातून आलेले आहेत.

इंग्लंडने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने या प्रकारचा पहिला सक्तीचा राष्ट्रव्यापी प्रयोग केला. कामगार व मालक यांनी प्रत्येकी आठवड्यास अडीच पेन्स द्यावेत, त्यांच्या एकत्रित वर्गणीच्या एक-तृतीयांश भर सरकारने घालावी, आणि काम सुटलेल्या कामगारास आठवड्याला सात शिलिंग, वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा आठवडे मिळावेत, अशी ती तजवीज होती. परंतु या कायद्यातील खरी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्याच्या कर्त्यांनी आरंभासाठी सुरक्षित नोकऱ्यांचे धंदे निवडले नाहीत. इमारतबांधणी, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती, लोखंडाचे ओतकाम, लाकूडकटाई असे सात धंदे त्यांनी निवडले, ज्यांत काम ऋतूप्रमाणे व तेजीमंदीप्रमाणे सतत येत-जात असे. आणि त्याआधी दोन वर्षे, १९०९ साली, त्यांनी देशभर श्रमविनिमय कचेऱ्या उघडण्याचा कायदा केला होता. कोण कामावर आहे, कोण रिकामा आहे आणि कोठे जागा आहे याची नोंद प्रथम झाली आणि मग पैसा वाटला गेला. हा क्रम पुढे आपल्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

हिंदुस्थानात हा प्रश्न १९३१ साली रीतसर विचारात येऊन मागे पडला. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक शाही आयोगाने, ज्याचे नारायण मल्हार जोशी हेही एक सभासद होते, बेकारीच्या राष्ट्रीय विम्याची योजना तत्कालीन परिस्थितीत व्यवहार्य नाही असा अभिप्राय दिला. गिरणीतला मजूर स्थिर नाही, त्याचे मूळ गावात आहे, तो येतो आणि जातो, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती व तीत तथ्यही होते. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले होते, ते असे की काम सुटलेल्या मजुराला गाव सांभाळून घेईल. गावाने खरोखरच सांभाळून घेतले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, तेव्हा त्यांतील असंख्य कुटुंबे कोकणातील व घाटावरील आपापल्या गावी परतली आणि तेथील दोन-चार खंडी भातावर किंवा ज्वारीवर भावाबंदांच्या जोडीने जगली. संप हा कोणत्याही बेकारी-विम्याच्या कक्षेत येत नाही हे खरे. तरी ज्या कारखान्यांच्या नफ्यात गावाचा वाटा नव्हता, त्यांच्या बंद पडण्याचा बोजा गावाने उचलला, आणि तो कोणत्याही ताळेबंदात कधी मांडला गेला नाही. विमा म्हणजे दुसरे काही नसून हा बोजा हिशेबात घेणे होय, असे मला वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा आपला अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्यातूनच पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा अंमल सुरू झाला. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात, मृत्यू यांची तरतूद त्यात होती, बेकारीची नव्हती. ती बाजू काही अंशी सावरण्याचे काम औद्योगिक विवाद कायद्याने १९५३ साली केले, जेव्हा कपातीत काढलेल्या कामगारास प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी नुकसानभरपाई देणे मालकावर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही भरपाई कायम ठेवून तिला एक जोड दिली आहे: काढलेल्या कामगाराच्या नव्या कौशल्यशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन एका निधीत भरावयाचे व ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे. तथापि भरपाई ही विम्याहून वेगळी वस्तू आहे. भरपाई मालक देतो, आणि कारखाना बुडाल्यामुळेच जर काम गेले असेल तर देणाराच नादार असतो. विमा निधीतून येतो, आणि निधी बुडत नाही.

तो विमा राज्य विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने आणला. कारखाना बंद पडल्यामुळे, कपातीमुळे, किंवा कामाबाहेरील इजेतून आलेल्या किमान ४० टक्के कायम अपंगत्वामुळे काम गेलेल्या विमेदारास, त्याने दोन वर्षे वर्गणी भरलेली असल्यास, कमाल चोवीस महिने भत्ता मिळतो. पहिल्या बारा महिन्यांत सरासरी वेतनाच्या निम्मा आणि पुढील बारा महिन्यांत चतुर्थांश, व या काळात स्वतःसाठी व कुटुंबासाठी औषधोपचार. दुसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. हीत काम सुटल्याचे कारण कारखाना बंद पडणे किंवा कपात हेच असावे असा आग्रह नाही, मात्र आयुष्यात एकंदर नव्वद दिवसांचाच भत्ता आहे. आरंभी तो वेतनाच्या चतुर्थांश होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली, शहापूर-कसाऱ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पायी निघालेल्या बायकामुलांनी भरून गेला, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महामंडळाने दर निम्म्यावर नेला, नव्वद दिवसांच्या प्रतीक्षेऐवजी तीस दिवसांनंतरच अर्ज करण्याची मुभा दिली, आणि मालकामार्फत अर्ज पाठविण्याची अट काढून टाकून तो थेट महामंडळाच्या शाखा कार्यालयात देण्याची सोय केली. हा शेवटचा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्याने काढले त्याच्याच सहीसाठी त्याच्याच फाटकावर उभे राहण्याची पाळी त्यामुळे टळली.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहावा. मुरबाडच्या एखाद्या कारखान्यात दरमहा १२,००० रुपये मिळविणारा कामगार घ्या. त्याच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये, विम्यासाठी कापले जातात. मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये घालतो. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या सर्वांस ही व्यवस्था लागू आहे. त्याचे काम सुटले तर मागील चार वर्गणी-काळांतील, म्हणजे दोन वर्षांतील, एकूण वेतन २,८८,००० रुपये, त्यास ७३० दिवसांनी भागावयाचे, व येणाऱ्या सुमारे ३९४ रुपयांच्या निम्मे रोजचा भत्ता. नव्वद दिवसांचे मिळून अदमासे १७,७५० रुपये. तीन महिन्यांच्या पगाराच्या निम्म्याहून हे थोडे कमीच आहेत. परंतु मुलाची शाळेची फी आणि घरभाडे भागवून, मिळेल त्या पहिल्या मजुरीवर तुटून पडण्याऐवजी आपल्या हातच्या कसबाचे काम शोधण्याइतका अवकाश त्यातून मिळतो, व विम्याचे प्रयोजन तेवढेच आहे. त्यावाचून कामगार बहुधा भविष्यनिर्वाह निधीला हात घालतो, आणि म्हातारपणाची शिदोरी तारुण्यातच संपवून बसतो.

पात्रतेची अट दोन वर्षे विमापात्र नोकरीची आहे. पैकी काम सुटण्यापूर्वीच्या लगतच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत पुन्हा ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हा आकडा नीट पाहिला पाहिजे. कपातीच्या भरपाईसाठी वर्षात २४० दिवसांची अखंड सेवा लागते, आणि ती पुरी होऊ नये म्हणून ठेकेदाराच्या माणसाला सात महिन्यांनी 'ब्रेक' देण्याची चाल औद्योगिक वसाहतींत सर्वत्र माहीत आहे. भरपाई त्या चालीने बुडते, पण ७८ दिवसांची अट तेवढ्याने बुडत नाही. ब्रेक सोसलेला ठेक्याचा कामगारही विम्याच्या भत्त्यास पात्र ठरू शकतो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहे. अडचण निराळीच उद्भवते. ठेकेदार बदलला की कामगाराच्या नावे नवा विमा-क्रमांक काढला जातो, दोन वर्षांची वर्गणी तीन क्रमांकांत विखुरते, आणि कोणताही एक क्रमांक अटीस उतरत नाही. विमा-क्रमांक आयुष्यभर एकच असावयाचा असतो. कामावर रुजू होताना जुना क्रमांकच पुढे चालविण्याचा हट्ट धरणे कामगाराच्या हाती आहे. तसेच काढताना राजीनाम्यावर सही मागण्याचा प्रकार चळवळीतील लोकांस नवा नाही. राजीनामा दिलेल्यास कपातीची भरपाई मागता येत नाही, म्हणून त्या कागदावर सही करण्यापूर्वी दहादा विचार करावा. आधार व बँकखाते जोडलेले असावे, वेतनचिठ्ठ्या जपून ठेवाव्यात, आणि काम सुटल्यास तीस दिवस लोटताच अर्ज करावा.

त्याच वेतनचिठ्ठीत विम्याच्या ९० रुपयांशेजारी आणखी एक वजावट असते: व्यवसाय कर, पुरुष कामगारास दहा हजारांवरील वेतनाला दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्राने १९७५ च्या कायद्याने बसविला, तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो छोटा प्रयोग केला, तो १९७२ च्या दुष्काळात राज्यव्यापी झाला, १९७७ साली त्याचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्यास काम, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, ही त्यातील हमी. भत्ता किमान दिवसाला एक रुपया एवढा क्षुल्लक होता, पण काम नसणे हा शासनाचा कसूर आहे हे तत्त्व त्या एका रुपयाने मान्य केले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हाच भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान चतुर्थांश व नंतर किमान निम्मा ठरविला. म्हणजे शहरातला पगारदार व कारखान्यातला कामगार हे खेड्यातील बिनकामाच्या माणसासाठी पन्नास वर्षे वर्गणी देत आले आहेत, व गाव कारखान्यातून सुटलेल्या माणसाला त्याच्याही आधीपासून सांभाळीत आले आहे. असे परस्परांचे ऋण जगात अन्यत्र इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

आणि तरीही या दोन्ही छत्रांच्या मधल्या फटीत जो उभा आहे तो वीटभट्टीचा मजूर. तो कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, म्हणून विमेदार नाही. आणि भट्टीच्या हंगामात तो गावाबाहेर असल्यामुळे गावातील हमीचे कामही मागू शकत नाही. पावसाळ्याआधी तो परततो तेव्हा उचल फिटली की नाही एवढाच हिशेब त्याच्या पुढ्यात येतो. आठवड्याची खर्ची वजा जाऊन उरते ते फार थोडे, आणि आवणी संपल्यापासून भात हाती येईपर्यंतच्या दिवसांत, ज्या काळासाठी आदिवासी भागात खावटी कर्जाची प्रथा पडली, त्याला पुन्हा मुकादमाची उचल घ्यावी लागते. ही त्याची बेकारी दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येते, तिचा आगाऊ अंदाज करता येतो, आणि विमाशास्त्राच्या दृष्टीने ती हाताळावयास सोपी आहे. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा झाला, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. मुरबाडचा कातकरी भिवंडीला गेला तर त्याने तालुक्याची वेस ओलांडलेली असते, राज्याची नव्हे. २०२१ च्या ऑगस्टपासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी होत आहे, परंतु त्या कार्डामागे बेकारी भत्त्याचा निधी नाही.

अशा मजुराची नोंद ठेवणे अशक्यप्राय आहे, तो आज येथे तर उद्या तेथे, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या गोदीकडे पाहावे. तेथे जहाज लागेल तेव्हा काम, नाही तर नाही. भरती टोळीवाल्याच्या मर्जीवर. मजूर शेकडो मालकांचा व म्हणून कोणाचाच नव्हे. १९४८ चा गोदी कामगार नियमन कायदा झाला व १९५१ साली मुंबईसाठी त्याखालील योजना आली, तेव्हा या मजुरांची एक नोंदवही तयार झाली, काम नोंदवहीतील पाळीने वाटले जाऊ लागले, आणि कामासाठी हजर राहूनही ज्याला काम मिळाले नाही त्यास हजेरीभत्ता व महिन्यातील ठराविक दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली. पैसा आला मालकांवर बसविलेल्या पट्टीतून. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली झालेला माथाडी कामगारांचा कायदा त्याच वळणाचा: मालक मजुरी व तिच्यावरील टक्केवारी मंडळात भरतो, आणि मंडळ नोंदलेल्या माथाड्यास वेतन, भविष्यनिर्वाह निधी व बोनस देते. गोदीतील मजूर मुरबाडच्या वीट-मजुरापेक्षा अधिक स्थिर होता असे कोणी म्हणू शकणार नाही.

वीटभट्टीचा मालक आजही महसूल खात्याच्या कक्षेबाहेर नाही. विटांसाठी माती काढावयाची तर ती गौण खनिज ठरते. तिच्यासाठी परवानगी घ्यावी लागते, आणि किती ब्रास माती उचलणार ते सांगून तेवढ्याचे स्वामित्वधन भरावे लागते. मातीच्या ब्रासाब्रासाची नोंद दफ्तरी आहे, आणि ती माती तुडवून तिच्या विटा पाडणाऱ्या कुटुंबाची नाही. त्याच परवानगीच्या अर्जासोबत मजुरांची नावनिशीवार यादी, प्रत्येकाचा कायम क्रमांक आणि घेतलेल्या उचलीचा आकडा जोडणे सक्तीचे करावे. स्वामित्वधनाबरोबरच दर ब्रासमागे एक लहान पट्टी घ्यावी. ती माथाडी मंडळाच्या धर्तीवरील जिल्हा मंडळात जमा व्हावी. आणि हंगामात ७८ दिवस भरलेल्या प्रत्येक मजुराच्या खात्यात श्रावण-भाद्रपदाच्या दोन महिन्यांत निम्म्या मजुरीचा भत्ता पडावा. आरंभ मुरबाड, शहापूर व भिवंडी या तीन तालुक्यांपुरता करावयास हरकत नसावी, कारण मजूर पहिल्या दोहोंतून निघतो आणि भट्ट्यांचा मोठा हिस्सा तिसऱ्यात आहे.